वैशाखातली बाग : खजाना विहिरीपासून पालवणच्या देवराईपर्यंत

बाग पाहायला माणसे श्रावणात जातात. त्या दिवसांत कुठलीही बाग चांगलीच दिसते, कारण तेव्हा बांधावरचे गवतसुद्धा बाग असल्याचा आव आणते. बागेची खरी परीक्षा वैशाखात होते. बीड जिल्ह्यात तर ही परीक्षा फार कडक असते. बालाघाटाच्या पठारावर पाऊस सरासरीने साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पडतो आणि तोही चार महिन्यांत, मधे मोठमोठे खंड पाडून. खाली काळा पाषाण, वर हातभर माती. होळी झाली की माळ पांढरा पडायला लागतो आणि मृग निघेपर्यंत त्याच्यावर हिरवे असे काही उरत नाही. अशा मुलखात कुणी बाग केली, तर ती कोणी लावली यापेक्षा चैत्र, वैशाख आणि ज्येष्ठाचा पहिला पंधरवडा ती कोणी सांभाळली, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

इतिहास मात्र हा प्रश्न सहसा विचारत नाही. शिलालेखावर बांधणाऱ्याचे नाव येते, बखरीत आणि तवारिखीत बाग लावण्याचा हुकूम देणाऱ्याचे येते. उन्हाळाभर पाट मोकळे ठेवणारा, आळी करणारा, गाळ उपसणारा माणूस कागदावर येत नाही. या लेखात बीड परिसरातल्या दोन बागा शेजारी ठेवून पाहायच्या आहेत. एक सोळाव्या शतकातली, जहागीरदाराच्या पाण्यावर उभी राहिलेली. दुसरी आपल्या डोळ्यांसमोरची, पगार न घेणाऱ्या माणसांनी माळावर लावलेली. या दोन बागांमध्ये चारशेहून अधिक वर्षांचे अंतर असले, तरी दोघींपुढचा उन्हाळा तोच आहे.

गावाच्या नावातली विहीर

बीड हे नाव कसे पडले याच्या दोन कथा सांगतात. डोंगराच्या कुशीत, बिळात बसल्यासारखे वसलेले गाव म्हणून बीड, ही एक. दुसरी कथा मुहंमद तुघलकाची. त्याच्या माणसांनी इथे विहिरी खणल्या, थोड्याच खोलीवर पाणी लागले आणि त्याने गावाला ‘बीर’ म्हटले, असे सांगतात. अरबीत बीर म्हणजे विहीर. निजामाच्या काळातल्या कागदांत आणि इंग्रजी नकाशांत हे नाव पुष्कळदा ‘बीर’ असेच येते. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, लोकांनी ती जपली आहे. आज टँकरसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या गावाला आपले नाव हाताशी लागलेल्या पाण्यावरून पडले असे वाटते, यात एक जुनी आठवण शिल्लक असावी.

त्या आठवणीला आधार आहे. शहरातले कंकाळेश्वराचे देऊळ पाण्याच्या कुंडात उभे आहे. देवळाला प्रदक्षिणा घालायची तर ती पाण्याची. आणि शहराच्या दक्षिणेला सहाएक किलोमीटरवर, बिंदुसरा नदीच्या खोऱ्यात, खजाना विहीर आहे. लोक तिला खजिना बावडी असेही म्हणतात.

पाणी स्वतःच्या पायांनी चालत येते

खजाना विहिरीच्या काठावर पहिल्यांदा उभे राहिले की थोडी निराशा होते. बारव म्हटल्यावर कोरीव देवकोष्ठे, उतरत्या पायऱ्यांची नक्षी, कमानींचे थर असे काहीतरी मनात असते. इथे एक रुंद, गोल, साधी दगडी विहीर आहे, आणि ती फार खोलही नाही. तिची थोरवी दिसत नाही, कारण ती जमिनीखाली आहे.

मुर्तझा निजामशहाच्या कारकिर्दीत (१५६५ ते १५८८) बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ही विहीर बांधवली. कारागीर म्हणून राजा भास्कर हे नाव लोकपरंपरेत टिकून आहे. विहिरीला भुयारी वाहिन्या आहेत. वरच्या अंगाच्या वाहिन्यांतून भूगर्भातले पाणी झिरपत विहिरीत येते आणि खालच्या अंगाच्या वाहिनीतून ते बाहेर पडते. ठरावीक अंतरावर या वाहिनीला वर उघडणारी तोंडे आहेत. गावकरी त्यांना उसासे म्हणतात. हवा खेळती राहावी, आतला दाब सुटावा आणि गाळ काढायला माणूस उतरता यावा, यासाठी ती ठेवलेली असतात. जमिनीचा उतार आणि वाहिनीचा उतार यांत थोडा फरक ठेवला की काही अंतराने भुयारातले पाणी आपोआप जमिनीवर येते. पुढे उघड्या पाटाने ते शेतात जाते. मोट लागत नाही, बैल लागत नाही, आज लागली असती तशी वीजही लागत नाही.

ही विद्या मूळची इराणकडची. तिथे तिला कनात किंवा कारेझ म्हणतात. दख्खनमध्ये ती बिदरला आली आणि नगरला आली. १६१७ च्या सुमारास मलिक अंबरने खडकीला, म्हणजे पुढच्या औरंगाबादला, नहर आणली ती याच तत्त्वावर. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा १६१५ चा, तोही याच घराण्यातला. बीडची विहीर या दोन्हींच्या आधीची आहे. शिवाय नहरींनी प्रामुख्याने शहरांची तहान भागवली, तर खजान्याचे पाणी शेती-बागायतीसाठी होते. विहिरीच्या उत्तरेकडचा जो पट्टा या पाण्यावर भिजत असे, त्याला बलगुजार म्हणतात. सुमारे पाचशे एकरांचा हा पट्टा. फळझाडे, भाजीपाला आणि बागायती पिके यांनी तो हिरवा राहिला. दुष्काळातही विहिरीची पातळी हलत नाही, असे बीडकर अभिमानाने सांगतात. त्यात थोडी अतिशयोक्ती असली, तरी तिच्यामागे कारण आहे. उघड्या तलावाचे पाणी ऊन पिऊन टाकते. भुयारातल्या पाण्याला ऊन लागतच नाही, आणि वाहिनी भूजल ओरबाडून न घेता जेवढे झिरपते तेवढेच घेते. बोअरने पाणी घेतले की पातळी खाली जाते. अशी वाहिनी उतारावर आपोआप थांबते, म्हणून तिला मर्यादा ओलांडता येत नाही. उलट, तिच्या आसपास खोल बोअर पडायला लागले, तर पहिला फटका तिलाच बसतो.

वैशाखात बाग जगवायची तर पाणी वैशाखापर्यंत लपवून ठेवता आले पाहिजे, हे सलाबतखानाच्या माणसांना कळले होते. विहिरीला ‘खजाना’ हे नाव उगीच पडले नसावे.

महाल राहिला, बाग गेली

त्याच काळात निजामशाहीच्या राजधानीत, नगरला, दुसरी एक बाग आकार घेत होती. फराहबक्ष बाग, म्हणजेच आपण ज्याला फराहबाग म्हणतो ती. तिचे बांधकाम १५७६ ते १५८३ या काळातले. पहिला आराखडा पसंत पडला नाही म्हणून काम मोडून पुन्हा केले गेले आणि शेवटी ते पुरे करणाऱ्याचे नावही सलाबतखानच आहे. हा सलाबतखान मुर्तझा निजामशहाचा वझीर. नगरजवळच्या डोंगरावरची जी इमारत लोक चांदबिबीचा महाल म्हणून दाखवतात, ती खरे तर त्याची कबर. बीडच्या विहिरीचा सलाबतखान आणि हा वझीर यांचा संबंध नीट तपासण्यासारखा आहे, पण आपल्या विषयाला त्याची गरज नाही. एकाच राज्यात, एकाच पिढीत, एकाच विद्येवर दोन बागा उभ्या राहिल्या, एवढे पुरे.

फराहबाग ही महालाची बाग होती. मधोमध दुमजली, घुमटाचा महाल आणि त्याच्या चहूबाजूंना चौकोनी हौद. तिथे पाणी आणले होते ते डोंगरपायथ्यापासून. नगरभोवती कापूरवाडी, भिंगार अशा गावांकडून भूमिगत नळांचे एक जाळेच निजामशाहीत विणले गेले होते. राजवाडे, हमामखाने, कारंजी, बागा सगळे त्यावर चालत असे. मुर्तझा निजामशहा स्वतः कारभारातून अंग काढून एकांतवासात राहिला. इतिहासात त्याला ‘दिवाणा’ म्हणतात. राज्य वझिरांनी चालवले आणि १५८८ मध्ये राजा स्वतःच्या मुलाच्या हातून मेला. त्यानंतर निजामशाही सावरली ती मलिक अंबरच्या हाताखाली, आणि १६३६ मध्ये ती कायमची बुडाली.

आज फराहबागेला गेलात तर महाल दिसतो. छप्पर कुठे कुठे पडले आहे, चुना उडाला आहे, पण भिंती, कमानी, घुमटाखालचा उंच दिवाणखाना उभा आहे. हौदात पाणी नाही आणि बागेचा मागमूस नाही. दगडाला रोज पाणी घालावे लागत नाही, म्हणून महाल साडेचारशे वर्षे निभावून गेला. बागेला एक उन्हाळा पुरला असेल. राज्य बुडाल्यावर नळांचा गाळ काढायला कुणाला नेमायचे आणि त्याचा पगार कुठल्या खात्यावर टाकायचा हे ठरेनासे झाले की पाणी अडते. पाणी अडले की पहिल्या वैशाखात फुलझाडे जातात, दुसऱ्यात फळझाडे, आणि मग आंब्या-चिंचेची मोठी झाडे आपल्या मुळांच्या जोरावर जितकी तगतील तितकी तगतात.

बलगुजारची गोष्ट वेगळी झाली. राज्ये तिथेही बदलली. निजामशाही गेली, मोगल आले, नंतर हैदराबादचे आसफजाही आले. तरी तिथले पाणी टिकून राहिले आणि शेते भिजत राहिली. या फरकाचे मूळ मला मालकीत दिसते. फराहबाग एका माणसाच्या सुखासाठी होती. बलगुजारच्या पाण्यावर अनेकांचा माळवा पिकत होता. ज्यांच्या घरात त्या पाण्याचा भाजीपाला येत होता, त्यांना गाळ काढण्यासाठी हुकमाची वाट पाहावी लागली नसावी. उपयोग ज्याच्याकडे, त्याच्याकडेच निगा आली. खानदेशातल्या पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत हेच तत्त्व नियमांत बांधलेले दिसते. तिथे पाणी वाटणारा पाटकरी शेतकऱ्यांनी नेमलेला असे, त्याचा मोबदला धान्यात ठरलेला असे आणि पाटाची साफसफाई पाणी घेणाऱ्यांनीच मिळून करायची असे. सरकार कुणाचेही असो, पाट त्यांचाच.

वेठ आणि श्रमदान

पण जुन्या काळाचे चित्र फार गोंडस रंगवायला नको. राजेशाही बागांचे उन्हाळे ज्या हातांनी काढले, त्यांतले पुष्कळ हात वेठीचे होते. वेठ किंवा बेगार हा शब्द मराठवाड्याला नवा नाही. निजामाच्या राजवटीत गावात अंमलदार आला की त्याचे सामान वाहणे, त्याच्या घोड्याला गवत आणणे, पाणी भरणे ही कामे गावातल्या ठरावीक जातींकडून फुकट करून घेतली जात. त्याला कुणी सेवा म्हणत नव्हते. हैदराबाद संस्थानातल्या जनतेच्या चळवळीने ज्या गोष्टींविरुद्ध आवाज उठवला, त्यांत वेठबिगार ठळक होती. त्या चळवळीचे नेते स्वामी रामानंद तीर्थ एके काळी अंबाजोगाईत, तेव्हाच्या मोमिनाबादेत, शाळेचे मुख्याध्यापक होते. म्हणजे हा वाद बीडच्या मातीतही लढला गेला आहे.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले आणि काही वर्षांतच खेड्यांत नवा शब्द ऐकू येऊ लागला : श्रमदान. सामूहिक विकासाच्या योजना, विनोबांची भूदान यात्रा, तुकडोजी महाराजांची भजने, गाडगेबाबांचा खराटा या सगळ्यांतून तो पसरला. कीर्तनाआधी गाडगेबाबा स्वतः गाव झाडीत, मग रात्री त्याच गावाला प्रश्न विचारीत. वेठीत आणि श्रमदानात हालचाल तीच असते. पाटी तीच, फावडे तेच, घामही तोच. फरक एवढाच की वेठीत नाही म्हणता येत नाही आणि श्रमदानात म्हणता येते. हे ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य जिथे शिल्लक असते, तिथेच त्या कामाला दान म्हणता येते.

आणि हीच श्रमदानाची अडचणही आहे. ज्याला नाही म्हणता येते, तो मे महिन्यात म्हणतो.

म्हणूनच ज्यांनी श्रमदानाची शिबिरे गांभीर्याने घेतली, त्यांनी मुद्दाम उन्हाळा निवडला असे दिसते. बाबा आमट्यांनी सोमनाथला साठच्या दशकाच्या अखेरीस तरुणांची श्रमसंस्कार शिबिरे सुरू केली ती मे महिन्यात. सुट्टी असते हे एक कारण. पण विदर्भाच्या मेमध्ये फावडे हाती धरणाऱ्याची इच्छा किती खरी आहे हेही तिथे आपोआप कळते. अलीकडचे उदाहरण बीडचेच आहे. पानी फाउंडेशनची ‘वॉटर कप’ स्पर्धा २०१६ मध्ये प्रथम झाली. पहिल्या वर्षी तिच्यासाठी तीनच तालुके निवडले होते : विदर्भातला वरूड, पश्चिम महाराष्ट्रातला कोरेगाव आणि मराठवाड्यातला अंबाजोगाई. शेजारच्या लातूरला त्याच उन्हाळ्यात रेल्वेने पाणी येत होते. अंबाजोगाईच्या गावांत पहाटे आणि संध्याकाळी माणसे सलग समतल चर खणत होती.

माणसे गावी असतात तो काळ

इथे बीडच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ती बाहेरच्या माणसाच्या चटकन ध्यानात येत नाही. इतर ठिकाणी उन्हाळा म्हणजे माणसे गाव सोडून जाण्याचा काळ. बीडला उलट आहे. दसरा झाला, दिवाळी आली की ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. दर हंगामात जिल्ह्यातून लाखो माणसे जातात. आधी बैलगाड्यांनी जात, आता ट्रॅक्टर-ट्रकने जातात. गावात म्हातारी माणसे आणि कुलपे उरतात. कारखान्यांचे पट्टे पडले की मार्च-एप्रिलमध्ये माणसे परततात. म्हणजे जिल्ह्याचे राबते हात गावात असतात ते नेमके उन्हाळ्यात.

झाडांच्या दृष्टीने हा योग चांगला आहे, पण त्याला दुसरी बाजू आहे. पाच-सहा महिने कोयत्याने ऊस तोडून आलेल्या बाईला आता माळावरच्या झाडाला पाणी घाल, असे कोणत्या तोंडाने सांगायचे? तिच्या घरात हंडा भरलेला नाही. तिचे अंग अजून दुखते आहे. बीडमधला स्वयंसेवक हा शब्द वापरताना हे भान सुटता कामा नये. शहरातून रविवारी येणाऱ्याचे श्रमदान आणि गावात राहणाऱ्याचे श्रमदान यांची किंमत सारखी नाही. एकाला ते विरंगुळा असते, दुसऱ्याला ते बुडालेली रोजंदारी असते. १९७२ च्या दुष्काळातून जन्मलेल्या रोजगार हमीने हा मुद्दा फार पूर्वी ओळखला होता : संकटातल्या माणसाकडून काम घ्यायचे तर त्याचे दाम द्यायचे. झाडे जगवायची असतील, तर श्रमदान आणि दाम यांची सांगड घालावीच लागते. चांगल्या संस्था ती घालतात.

अध्यक्षस्थानी वड

बीड शहराजवळ पालवण नावाचे गाव आहे. तिथल्या वनखात्याच्या उजाड डोंगरावर अभिनेते सयाजी शिंदे, लेखक अरविंद जगताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सह्याद्री देवराई’ या नावाने झाडे लावायला घेतली. वनखाते आणि स्थानिक माणसे सोबतीला होती. १३ आणि १४ फेब्रुवारी २०२० ला तिथे वृक्षसंमेलन भरले. अध्यक्षस्थानी वडाचे झाड होते. मराठी माणसाला संमेलनाध्यक्षपदाच्या निवडणुकांचा अनुभव असल्यामुळे या निवडीचे कौतुक जास्तच वाटले असणार. हा अध्यक्ष भाषण करणार नव्हता, वाद ओढवणार नव्हता आणि मुदत संपल्यावरही जागेवरच राहणार होता. याच जिल्ह्यात, अंबाजोगाईला, १९८३ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले होते. रानावनाचा, माणदेशी माळाचा लेखक व्यंकटेश माडगूळकर त्याचे अध्यक्ष होते. माळरान समजून लिहिणाऱ्या लेखकानंतर सदतीस वर्षांनी त्याच जिल्ह्यात एक झाड अध्यक्ष झाले, हा क्रम माडगूळकरांना आवडला असता असे वाटते.

संमेलनाची बातमी सगळीकडे झाली. बातमी न होणारा भाग त्याच्या आधीचा आणि नंतरचा. फेब्रुवारीत संमेलन संपते आणि लगेच उन्हाळा सुरू होतो. अशा माळावर मार्च ते जूनचे काम काय असते ते एकदा नीट मांडले पाहिजे. रोपाभोवतीचे आळे पुन्हा बांधायचे, कारण हिवाळ्यात त्याची कड ढासळलेली असते. आळ्यात पालापाचोळा, गवत, उसाचे पाचट जे मिळेल त्याचे आच्छादन घालायचे म्हणजे ओल टिकते. बुडाला छिद्र पाडून त्यात चिंधीची वात घातलेले मडके मुळाशेजारी पुरायचे आणि ते भरत राहायचे. वाळलेले गवत कापून जाळपट्टे मोकळे ठेवायचे, कारण एका बिडीच्या थोटकाने पाच वर्षांचे काम एका दुपारी राख होते. आणि शेळ्यांवर नजर ठेवायची. शेळ्या राखणाऱ्याशी भांडून भागत नाही. त्याच्या जनावरांना चारा कुठे मिळेल याचाही विचार करावा लागतो, नाहीतर कुंपण रात्री उघडते.

या कामात आणखी एक पेच आहे. देवराई हा शब्द आपल्याकडे ज्या रानासाठी आहे, त्याचा नियम ‘हात लावायचा नाही’ असा आहे. सत्तरच्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवराया अभ्यासल्या. देवाच्या भयाने आणि भक्तीने माणसाने तिथला पालाही उचलला नाही, म्हणून ती राने टिकली, हे त्यांनी दाखवून दिले. तिथे पाऊसही भरपूर. बालाघाटाच्या माळावर मात्र हात न लावता देवराई होणे नाही. इथे पहिली चार-पाच वर्षे रोज हात लावावा लागतो. मुळे खडकाच्या भेगेत उतरली, सावली पडायला लागली, खाली पाचोळा साठायला लागला की मग हात काढून घ्यायचा. त्या दिवशी देवराई सुरू होते. तोवर ती बागच असते, सलाबतखानाच्या बागेइतकीच पाण्यावर आणि हातांवर अवलंबून असलेली.

संत सावता माळ्याच्या आयुष्याने महाराष्ट्राला हेच शिकवले. मळ्यातले काम हीच पूजा असे मानून तो पंढरीला न जाता अरणात राबत राहिला. पूजा रोजची असते, तिला रविवार नसतो. माळावर झाडे जगवणाऱ्यांचा पंथ त्याचाच म्हणावा लागेल.

एका टँकरचा हिशेब

आता हिशेब करू. एका रोपाला आठवड्याला दहा लिटर पाणी धरले, तर हजार रोपांना दहा हजार लिटर, म्हणजे साधारण एक टँकर. मार्च ते मे असे बारा आठवडे धरले, तर बारा टँकर. हजार झाडांसाठी हे फार नाही. पण २०१९ चा उन्हाळा आठवा. बीड जिल्ह्यात शेकडो चारा छावण्या उघडल्या होत्या. माणसे जनावरांसकट छावणीत राहायला गेली होती. गावात टँकर आला की विहिरीत पाणी ओतायच्या आधीच दोऱ्या-बादल्या सुटत. अशा वेळी माळावरच्या झाडांसाठी टँकर वर चढताना गावातली माणसे पाहत असतील, तर त्यांच्या मनात काय येत असेल?

या प्रश्नाला सोपे उत्तर नाही, आणि स्वयंसेवकांनी तो टाळू नये. झाडाचे पाणी माणसाच्या पाण्यातून काढायचे नाही, हा पहिला नियम असायला हवा. मग ते कुठून आणायचे? उत्तर खजाना विहिरीने साडेचारशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. पावसाळ्यातले पाणी जमिनीत मुरवायचे आणि उन्हाळ्यात उतारानेच ते परत मिळेल अशी तजवीज करायची. चर, बांध, पाझर ही त्या भुयारांची गरीब भावंडे आहेत. डोंगरावर आधी चर आणि मग झाड, हा क्रम पाळला की तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात टँकरची गरज उतरते. क्रम उलटा झाला, तर झाडे टँकरवर जगतात आणि टँकर थांबला की मरतात. अगदी फराहबागेसारखी.

सरकारी वृक्षलागवडीचे आकडे या दृष्टीने वाचून पाहा. राज्यात २०१६ च्या १ जुलैला दोन कोटी झाडांचा संकल्प झाला. पुढे २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहेतीस कोटी. हे सगळे आकडे पावसाळ्याचे आहेत. ओल्या मातीत खड्डा सोपा, फोटो हिरवा येतो आणि पाहुण्यांच्या डोक्यावर छत्री धरता येते. याच झाडांची मोजणी दर वर्षी ३१ मे रोजी, त्याच जागी, तितक्याच गाजावाजाने झाली असती, तर आपल्याकडे वृक्षलागवडीचा वेगळाच इतिहास लिहिला गेला असता. ज्या लहान गटांनी अशी मेची नोंदवही ठेवली, झाडाला नंबर दिला, जगले-मेले लिहिले, त्यांची झाडे आज सावली देतात.

नोंदवही

इतिहासाच्या अभ्यासकाला यात एक काम आहे. खजाना विहिरीचा गाळ सोळाव्या शतकात कोणी काढला, उसाशातून खाली कोण उतरत असे, त्याची जात कोणती, त्याला मोबदला काय मिळे, हे आपल्याला हवे तेवढे कळत नाही. बांधवणाऱ्याचे नाव मात्र शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. आज पालवणसारख्या डोंगरावर काम करणाऱ्या माणसांबाबत तीच चूक पुन्हा करण्याचे कारण नाही. कोणत्या वाडीची कोणती माणसे कोणत्या उन्हाळ्यात किती दिवस आली, कोणती झाडे गेली, कशाने गेली, पाणी कुठून आणले, भांडण कशावरून झाले आणि मिटले कसे, हे सगळे लिहून ठेवता येते. साधी शंभर पानी वही पुरते. पन्नास वर्षांनी कुणी बीडच्या हिरवाईचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा संमेलनाच्या कात्रणांपेक्षा त्याला ही वही जास्त उपयोगी पडेल.

तिचा उपयोग तेव्हापुरता नाही. फराहबागेचे हात पगारासाठी होते, पगार गेला आणि हात गेले. वेठीचे हात भीतीने होते, भीती गेली आणि तेही गेले, जायलाच हवे होते. श्रमदानाचे हात इच्छेचे असतात आणि इच्छा सगळ्यांत लवकर थकते. तिला टिकवायचे तर ती वाटून घ्यावी लागते, तिची पाळी लावावी लागते आणि ज्याची पाळी बुडाली त्याच्या घरी जाऊन ‘बरं आहे ना?’ असे विचारावे लागते. बलगुजारच्या शेतकऱ्यांचे पाणी टिकले, कारण पाट सगळ्यांचा होता. माळावरची झाडेही सगळ्यांची आहेत असे गावाला वाटले पाहिजे. त्यासाठी गावाला तिथून काही मिळालेही पाहिजे : गवत, सावली, विहिरीला वाढलेले दोन हात पाणी.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा बीडमधून उसाच्या टोळ्या निघालेल्या असतील किंवा निघण्याच्या तयारीत असतील. डोंगर अजून हिरवा असेल आणि तो पाहून कुणालाही आनंद होईल. पण ज्यांना त्या हिरव्याचा भरवसा पाहिजे, त्यांनी आताच दोन कामे करून ठेवावीत. चरांतला गाळ या थंडीत काढावा, आणि माणसे उसावरून परततील तेव्हा कोणत्या वाडीने कोणती टेकडी घ्यायची, ते आत्ताच बसून ठरवावे. मग अक्षय तृतीयेला, ऊन चढायच्या आधी, एकदा वर जाऊन यावे. झाडे मोजायची ती त्या दिवशी.